गाडी काढून ताडोब्याला

दोन कुटुंबं, दोन गाड्या, मागच्या सीटवर पोरं, कुणाचे तरी आई-वडील आणि मुक्कामाला चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत ही सहल दिवाळीपासून बोलली जाते. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्ग आमणे ते नागपूर असा ७०१ किलोमीटर सलग खुला झाला, तेव्हापासून ‘एका दिवसात पोचू’ असंही लोक सहज म्हणू लागलेत. पोचता येतं हे खरं. पण पहाटे चारला उठलेली, दिवसभर गाडीत आंबलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे चारला उठून उघड्या जिप्सीत बसली, की सफारीत दोघं पेंगतात, एकाला मळमळतं आणि उरलेले एकमेकांवर चिडतात. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: या सहलीत मोकळा वेळ मुद्दाम राखून ठेवा. दिवसांत ठेवा, गाडीत ठेवा, जिप्सीत ठेवा आणि वाघाबद्दलच्या अपेक्षेतही ठेवा. बाकीच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

पुण्याहून निघणाऱ्यांनी निदान आठवडा हाताशी ठेवावा. पहिल्या दिवशी दुपारी निघून रात्री छत्रपती संभाजीनगरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी समृद्धीने वर्धा, तेही दिवसाउजेडी. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत ताडोब्याचं प्रवेशद्वार गाठायचं आणि त्या दिवशी काहीही करायचं नाही. पोरांना पाय मोकळे करू द्या, आजी-आजोबांना पाठ टेकू द्या. सफारी चौथ्या दिवसापासून. तीन सफाऱ्या घरच्यांच्या सहलीला पुरेशा होतात. हौशी छायाचित्रकार रोज दोन करतात, पण ज्यांच्याबरोबर आठ वर्षांचं मूल आणि सत्तरीची सासू आहे, त्यांनी सकाळ-संध्याकाळ जिप्सीत बसण्याचा हट्ट धरू नये. एवढी रजा मिळत नसेल, तर गाडीने जाण्याचा विचार सोडून रेल्वेने वर्धा, नागपूर किंवा चंद्रपूर गाठावं आणि पुढे भाड्याची गाडी करावी. चार दिवसांच्या सुट्टीत दीड हजार किलोमीटर गाडी हाकण्यात कुणाचंच भलं नाही.

गुडघे, कंबर किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी मधला मार्ग फार उपयोगी पडतो. त्यांना रात्रीच्या गाडीने झोपून वर्ध्याला येऊ द्यावं आणि तिथून आपल्या गाडीत घ्यावं. सोबत घरातलं एक तरुण माणूस द्यावं. ‘आम्हाला वेगळं पाठवता का?’ असं आईला वाटू शकतं, म्हणून हे आधीच, नीट बसून बोलून घ्या. वर्ध्यापासून पुढचा प्रवास सगळ्यांनी मिळून करायचाच आहे.

आता आरक्षण. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आतला सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा क्षेत्र, ज्याला सगळे ‘कोअर’ म्हणतात, आणि त्याच्या भोवती गावं, शेतं आणि जंगल यांचा मिसळलेला ‘बफर’. कोअरला जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी अशी प्रवेशद्वारं आहेत. इथेच पुष्कळांची गफलत होते. ‘ताडोब्याला हॉटेल घेतलं’ म्हणून निर्धास्त राहतात, आणि सफारी मोहर्लीची तर मुक्काम कोलाऱ्याला असा प्रकार होतो. मोहर्ली जंगलाच्या दक्षिणेला, चंद्रपूर-भद्रावतीच्या अंगाला आहे, तर कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. पहाटेच्या अंधारात जंगलाला वळसा घालून दुसऱ्या दारी पोचणं जमत नाही. म्हणून आधी सफारीचं प्रवेशद्वार ठरवा, ते आरक्षित करा आणि मगच त्याच्या जवळचा मुक्काम पाहा. घरून गाडीने येणाऱ्या, ज्येष्ठांना घेऊन फिरणाऱ्या मंडळींना मी मोहर्ली सुचवतो. चंद्रपूर शहर आणि तिथली मोठी रुग्णालयं त्या बाजूने जवळ पडतात.

आरक्षण काही महिने आधी, आणि वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. ताडोब्याच्या नावाने मिळतीजुळती संकेतस्थळं निघतात. पैसे भरण्याआधी पत्ता दोनदा वाचा. आरक्षण करताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि दारावर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. ‘आधार फोनमध्ये आहे’ यावर विसंबू नका. सगळ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात, एकाच जबाबदार माणसाकडे द्या. कोअर मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबरपर्यंतही. शनिवार-रविवारचे दर चढे असतात आणि गर्दीही जास्त, तेव्हा प्रवासाचे दिवस शनिवार-रविवारवर आणि सफाऱ्या बुधवार-गुरुवारवर बसवता आल्या तर उत्तम.

हंगामाबद्दल दोन मतं ऐकू येतील. वाघ दिसायला एप्रिल-मे चांगला हे खरंच आहे. पानगळ झालेली असते, पाणी आटलेलं असतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. पण त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. दुपारच्या सफारीत जिप्सीची लोखंडी दांडी हाताला चटका देते. लहान मुलं आणि वृद्ध बरोबर असतील तर दिवाळी ते होळी हाच काळ धरावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत अंगात कापरं भरतं. कानटोपी, मफलर, हातमोजे आणि पांघरायला एखादी जाड चादर हवीच. फेब्रुवारीचा शेवट मला सगळ्यात आवडतो. पळस फुललेला असतो, थंडी ओसरलेली असते आणि उन्हाचा मारा अजून सुरू झालेला नसतो. शाळेच्या सुट्टीमुळे उन्हाळ्याशिवाय पर्याय नसेल, तर परीक्षा संपताच एप्रिलमध्येच जा, मे महिन्यापर्यंत थांबू नका.

गाडीच्या बाबतीत एकाच गोष्टीवर मी फार जोर देईन, ती म्हणजे टायर. समृद्धीवर तासन् तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर गाडी पळते. शहरात वर्षानुवर्षं चाललेला टायर इथे दगा देतो. झिजलेला, चिरा पडलेला किंवा हवा कमी असलेला टायर आतून तापत जातो आणि फुटतो. हवा कमी असणं हे सर्वांत वाईट, कारण तेव्हा टायरची बाजू सतत दुमडत राहते आणि उष्णता तिथेच साठते. टायरच्या बाजूवर छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांहून जुना टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय या प्रवासाला नेऊ नका. हवा टायर थंड असताना, निघायच्या दिवशी सकाळी भरा. माणसं आणि सामान पूर्ण असल्यावर किती दाब ठेवायचा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. स्टेपनीतही हवा पाहा, आणि जॅक-पाना सामानाच्या तळाशी गाडून टाकू नका. कूलंट, ब्रेक, वायपर, पीयूसी, विमा, फास्टॅगमधले पैसे ही बाकीची उजळणी नेहमीचीच.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. भरलेल्या गाडीला शंभर पुष्कळ झाले. हा रस्ता सरळ आहे, एकसुरी आहे, आणि तेच त्याचं संकट आहे. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही. उघड्या डोळ्यांनी चालवणाऱ्याला गुंगी येते आणि त्याला ते कळतही नाही. दर दोन तासांनी चालक बदला, निदान थांबून खाली उतरा. दुपारचं जेवण चालवणाऱ्याने हलकं घ्यावं. चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, हा नियम निघण्याआधीच सांगून ठेवा आणि पाळा. पेट्रोल पंप आणि खाण्याच्या जागा जुन्या रस्त्यांसारख्या पावलोपावली नाहीत, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची. डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा चिवडा, केळी-संत्री असं काहीतरी घ्या. पाण्याचा पाच लिटरचा कॅन प्रत्येक गाडीत. आणि दोन गाड्या असल्या तरी एकमेकींच्या शेपटीला धरून पळू नका. पुढची गाडी दिसत नाही म्हणून मागचा वेग वाढवतो, आणि तिथेच घात होतो. त्यापेक्षा थांबायच्या जागा नावाने ठरवा: ‘जालन्यानंतर सिंदखेडराजाला उतरू, तिथे भेटू.’

सिंदखेडराजा हे नाव मुद्दाम घेतलं. जिजाऊंचं हे जन्मगाव महामार्गाला लागून आहे आणि लखुजी जाधवांचा वाडा पाहायला तासभर पुरतो. पोरांनी पुस्तकात वाचलेलं समोर उभं राहतं आणि प्रवासाचा कंटाळाही तुटतो. लोणारचं विवर त्याच भागात आहे, पण ते या सहलीत कोंबू नका. विवरात उतरून चढायला वेळ आणि दम दोन्ही लागतात.

समृद्धीवरून वर्ध्याजवळ येळाकेळीला उतरायचं. ताडोब्यासाठी नागपूरपर्यंत जाण्याची गरज नाही. मुक्काम सेवाग्रामच्या आसपास करावा. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले. माती, बांबू आणि कौलांची ती बापू कुटी अजून नीट राखली आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसा. दिवसभर गाडीतल्या गाण्यांनी आणि भांडणांनी कान किटलेले असतात, त्यांना ती शांतता मानवते. वर्ध्याचा गोरसपाक घ्यायला विसरू नका; खुसखुशीत असतो, पोट भरतो आणि जंगलाच्या मुक्कामी चहाबरोबर कामी येतो. सकाळी हिंगणघाट-जामच्या अंगाने वरोऱ्याला निघायचं. वरोऱ्याला आनंदवन आहे, बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी १९४९ साली उभं केलेलं. तिथे जायचं असेल तर आधी विचारून जा आणि माणसांचे फोटो काढू नका. वरोऱ्याहून भद्रावतीमार्गे मोहर्ली, किंवा चिमूरमार्गे कोलारा.

हा शेवटचा टप्पा छोटा वाटतो, आणि नेमका इथेच लोक अंधार करतात. तसं करू नका. भद्रावती-मोहर्ली काय किंवा चिमूर-कोलारा काय, रस्ता बफरच्या जंगलातून आणि शेतांमधून जातो. दिवस मावळल्यावर चितळ, रानडुक्कर, नीलगाय आणि कधी वाघ-बिबटही रस्ता ओलांडतात. चितळ एक ओलांडलं की मागे पाच-सात उभी असतात, तेव्हा पहिलं दिसताच थांबायचं, हॉर्न न वाजवता. जंगलाच्या पट्ट्यात वेग चाळीसच्या आत ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लघुशंकेसाठी रस्त्याकडेला झुडपात उतरायचं नाही, मूल कितीही रडलं तरी नाही. वरोऱ्याला किंवा चिमूरला सगळ्यांनी आटोपून घ्यायचं. इथलं माणूस-वाघ नातं किती नाजूक आहे ते तिथे राहणारे जाणतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला बायाबापडे जंगलात जातात आणि वाघाच्या हल्ल्यात सापडतात. ज्या रानात रोज पोटासाठी जाणारा माणूस जीव मुठीत धरून जातो, तिथे आपण बेफिकिरीने उतरणं बरोबर नाही.

राहण्यासाठी मोहर्ली-कोलाऱ्याला सरकारी निवासापासून महागड्या रिसॉर्टपर्यंत सगळं आहे. मला विचाराल तर गावातल्या माणसाने चालवलेली साधी घरगुती जागा बघा. खोली स्वच्छ आहे का, गरम पाणी येतं का, पहाटे चहा मिळेल का, एवढंच आधी फोनवर विचारा. तिथल्या जेवणात पाटवड्यांचा रस्सा, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी मिळते. तिखट सोसत नसेल तर आदल्या दिवशीच सांगा, वऱ्हाडी-झाडीपट्टीतला ‘थोडं तिखट’ हा शब्द पुणेकरांना झेपणारा नसतो. मोठ्या आवाजात गाणी लावणारे, रात्री शेकोटीभोवती गोंधळ घालणारे मुक्काम टाळा. गावातली माणसं पहाटे उठून कामाला जाणारी असतात, आणि जंगल कुंपणापलीकडेच असतं.

सफारीच्या जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि वनखात्याने नेमलेला गाइड बसतो. जिप्सीची मागची रांग चाकांवर येते, खड्ड्यात तिथेच सर्वांत जास्त उसळी बसते. कंबर-मानेचा त्रास असलेल्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि पाठीशी छोटी उशी द्या. गरोदर बाईने ही सफारी करू नये. दोन जिप्सी होत असतील तर ‘मोठे एकीत, पोरं दुसरीत’ असं करू नका. प्रत्येक जिप्सीत एक आजी किंवा आजोबा, एक शांत मोठं माणूस आणि मुलं अशी सरमिसळ करा. वाघ एका जिप्सीला दिसला आणि दुसरीला नाही, तर रुसवे कुटुंबांत पडायला नकोत, हेही त्यामागचं एक कारण आहे. सफारी चारेक तास चालते आणि आत ठरावीक जागीच उतरता येतं. निघण्याआधी सगळ्यांनी आवरून घ्या; मधुमेही माणूस असेल तर सुरुवातीलाच गाइडच्या कानावर घाला, तो रस्ता त्या बेताने ठरवतो.

कपडे मातकट, हिरवट, तपकिरी रंगाचे घाला. लाल, भगवा, चकचकीत पिवळा नको. अत्तर-परफ्यूम नको, कारण जंगलात आग्या मोहोळं असतात. नाकातोंडावर बांधायला सुती पंचा हवाच. पुढच्या जिप्सीची धूळ तासाभरात भुवयांवर बसते. दम्याचा त्रास असलेल्याचा इन्हेलर त्याच्याच खिशात हवा. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तो मुक्कामावरच ठेवा. ही बंदी मला मनापासून योग्य वाटते. चार तास कुणी स्क्रीनकडे पाहत नाही आणि वाघ दिसल्याची खबर फोनवरून पसरून दहा जिप्सी एका जागी धावत नाहीत. कॅमेरा चालतो, पण घरटी एकच न्या. दुर्बीण मात्र दोन न्या. त्यावरून भांडणं होतात.

गाइडशी बोला. हे लोक याच गावांतले, आता त्यांत बायकाही आहेत, आणि लहानपणापासून हे रान पाहत आलेत. ‘वाघ कुठे आहे?’ या प्रश्नाने सुरुवात केलीत, तर तो तुम्हाला फक्त वाघाच्या मागे पळवेल. त्याऐवजी पहिल्याच वळणावर सांगा: ‘दादा, आम्हाला घाई नाही, जे दिसेल ते दाखवा.’ मग बघा तो कसा खुलतो. धुळीच्या रस्त्यावर जिप्सी थांबते. गाइड बाहेर वाकून पंजाचा ठसा दाखवतो. ठसा आज सकाळच्या चाकाच्या खुणेवर उमटलेला आहे, म्हणजे वाघ गाड्या गेल्यानंतर इथून चालला. चाकाची खूण ठशावरून गेली असती, तर तो त्याआधीचा. इंजिन बंद होतं. मग कान लावून बसायचं. वानर उंचावरून खकारतं, चितळाची तीक्ष्ण शीळ येते, सांबराचा घुमणारा ‘ढोंक’ ऐकू येतो. वानर आणि चितळ कधी उगाच घाबरतात. सांबर सहसा खोटं ओरडत नाही. आवाज सरकत कुठे चाललाय त्यावरून चालक पुढची वाट धरतो. कधी वाघ समोर येतो, कधी आवाज थांबतात आणि काहीच घडत नाही. माझ्या लेखी ती वीस मिनिटंच सफारीचा गाभा आहेत, आणि मुलांना ती नीट समजावून सांगितली तर दहा वर्षांचं पोरही श्वास रोखून बसतं.

वाघाखेरीज इथे खूप काही आहे. सागाचं आणि बांबूचं रान, पांढऱ्या गुळगुळीत सालीचं भुताचं झाड, ऐन आणि अर्जुन. पंधरा-वीस रानगव्यांचा कळप, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा. लालसर रानकुत्र्यांची टोळी, वारुळं उकरणारं अस्वल, ताडोबा तलावाच्या काठावर पडलेल्या मगरी. पावसाळ्यानंतर दोन झाडांमध्ये मोठ्या कोळ्यांची सोनेरी झाक असलेली जाळी. मोहर्लीहून आत जाणाऱ्या रस्त्याकडेला जुने दगडी खांब उभे आहेत. ते गोंड राजांच्या काळातले असल्याचं सांगतात, राजाच्या प्रवासाची वर्दी द्यायला त्यांवरून दोर आणि घंटा बांधत म्हणे. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख अशी त्याची कथा आदिवासी सांगतात आणि पौषात तिथे जत्रेला जमतात. जामणी-नवेगावसारखी गावं आतून उठून बाहेर गेली, आणि त्यांच्या शेतांच्या जागी आज चितळांचे कळप चरणारे गवताचे माळ आहेत. तिथून जाताना पोरांना हेही सांगा. ज्यांनी घर सोडलं, त्यांच्यामुळे आपल्याला हे दिसतंय.

वाघ दिसला तर काय करायचं, हे तर आधीच ठरवलेलं असावं. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, ‘अजून पुढे घ्या’ असं चालकाला म्हणायचं नाही. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी घेरलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. त्या गाड्यांत बसलेल्या पर्यटकांचं काय? चालक पुढे का सरकतो, तर मागून सहा जण त्याला टोचत असतात आणि त्याची बक्षिसी त्यावर अवलंबून असते म्हणून. तेव्हा सफारी सुरू होतानाच सांगून टाका, की वाघ दिसो न दिसो, बक्षिसी तीच मिळेल. या एका वाक्याने चालकाच्या मनावरचं ओझं उतरतं. वाघाचा रस्ता अडत असेल तर ‘मागे घ्या’ असं म्हणायची हिंमत आपल्यातल्या कुणीतरी दाखवली पाहिजे.

मुलांची तयारी घरूनच सुरू करा. ‘वाघ बघायला चाललोय’ असं महिनाभर सांगितलंत, तर तो न दिसल्यावर त्यांचं रडणं साहजिक आहे. त्याऐवजी प्रत्येकाला एक छोटी वही द्या: दिसलेलं प्रत्येक पाखरू, झाड, ठसा त्यात लिहायचा. वनखात्यात नोकरी करत विदर्भातली रानं पायाखाली घातलेल्या मारुती चितमपल्ली यांची पुस्तकं गाडीत मोठ्याने वाचली, तर मुलांबरोबर मोठ्यांनाही गोडी लागते. पाच वर्षांखालच्या मुलाला चार तासांची सफारी झेपत नाही. त्याच्याबरोबर घरातल्या कुणीतरी आळीपाळीने मुक्कामावर थांबावं.

मोकळ्या दिवशी इरई धरणाच्या जलाशयाकाठी पाखरं पाहा, थंडीत तिथे पाणपक्ष्यांची गर्दी असते. किंवा चंद्रपूर गाठा. गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा, महाकालीचं देऊळ आणि राणी हिराईने नवरा बीरशहासाठी बांधलेली समाधी, असा अर्धा दिवस छान जातो. ज्यांना जंगलाची ओढ नाही अशांना हा दिवस आवडतो. प्रत्येक गोतावळ्यात असं कुणीतरी असतंच.

पैशाचं आधी बोला. सफारीचं शुल्क सहसा परत मिळत नाही, म्हणून ‘ऐन वेळी येणं जमलं नाही तर त्याचा वाटा त्यानेच सोसायचा’ हे आरक्षणापूर्वी ठरवा. इंधन, टोल, जेवण यासाठी सगळ्यांकडून सारखी रक्कम जमा करा, एकाने हिशोब ठेवा आणि रोज रात्री तो वाचून दाखवा. मैत्री टिकवायला हे फार कामी येतं. रोख रक्कमही जवळ असू द्या, गावांत नेट कधी चालतं कधी नाही. औषधांच्या डब्यात ओआरएस, उलटीची, तापाची औषधं, बँडेज आणि प्रत्येकाच्या नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. अपघात झाला तर १०८ आणि ११२ हे आकडे मुलांनाही पाठ असावेत.

परतीच्या दिवशी सकाळची सफारी घेऊ नका. पहाटेपासून धूळ खाल्लेला चालक दुपारच्या उन्हात समृद्धीवर नेमका पेंगतो. आदल्या संध्याकाळी शेवटची सफारी, रात्री सामान बांधून तयार, आणि सकाळी पोटभर नाश्ता करून निघायचं. गेल्या वाटेनेच या, पण मुक्काम बदला: वर्ध्याऐवजी जालना किंवा संभाजीनगर. आणि घरी पोचण्याचा दिवस शनिवार ठेवा. रविवारी कपडे धुऊन होतात, पोरांची शाळेची दप्तरं भरून होतात, आणि चालवणाऱ्याला एक अख्खी झोप मिळते.